कोंबडीखताचा डोस टनांत लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
खतांच्या शिफारशी लिहिणारे कृषितज्ज्ञ, विस्तार अधिकारी आणि सल्लागार,
(देश कुठलाही असो)

सप्रेम नमस्कार.

शेतकरी पिशवीत भरून आणतात ती माती आणि खतं तपासून देणं, एवढंच माझं काम. शिफारशी मी लिहीत नाही, तुम्ही लिहिता. पण तुम्ही लिहिलेलं पत्रक हातात घेऊन माणूस शेवटी माझ्या टेबलासमोर उभा राहतो, म्हणून हे पत्र.

काही दिवसांपूर्वी एकाने दोन पिशव्या आणल्या. दोन्ही एकाच लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) शेडच्या, कोंबड्या त्याच, खाद्य तेच. पहिली पिशवी पिंजऱ्यांखालच्या पट्ट्यावरून ताजी उचललेली: हिरवट-करडी, वर पांढरे ठिपके, चमच्याला चिकटून सुटता सुटत नव्हती. दुसरी शेडमागच्या ढिगाची, कित्येक महिने उघड्यावर पडलेली: तपकिरी, भुसभुशीत, बोटांनी चुरली जाणारी. पहिल्या पिशवीत पाऊण भाग पाणी निघालं, दुसरीत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ओलावा वजा करून मोजलं तर पहिलीतलं नत्र (नायट्रोजन) दुसरीच्या दुप्पट. स्फुरद (फॉस्फरस) मात्र दुसरीत जास्त.

त्याच्या खिशात घडी घातलेलं पत्रक होतं. त्यावर एकच ओळ: कोंबडीखत, हेक्टरी 5 टन.

‘यातलं कुठलं?’ त्याने विचारलं.

मी कागदावर हिशेब मांडला. पहिल्या पिशवीतल्या 5 टनांपेक्षा दुसरीतल्या 5 टनांतून नत्र निदान एक तृतीयांशाने जास्त जाणार होतं. स्फुरद मात्र दुसऱ्या पिशवीतून तिपटीहून जास्त जाणार होतं. म्हणजे पत्रक तंतोतंत पाळूनही त्याच्या शेतात दोन वेगळ्याच गोष्टी घडू शकत होत्या, आणि त्यातली कुठली घडणार हे पत्रक लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

‘कोंबडीखत’ हा शब्दच मुळात फसवा आहे. ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या) शेडमधून निघतं ते लिटर: भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा, बऱ्यापैकी कोरडी. पिंजऱ्यातल्या लेअरखाली काहीच अंथरलेलं नसतं, तिथे निव्वळ विष्ठा जमते. अंड्यांवरची एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाची ओली विष्ठा टाकते. 1 लाख पक्ष्यांच्या फार्मवर हे रोजचं 10-11 टन होतं. एवढा माल कुठेतरी जाणारच, आणि तो कुठे, कसा, किती जावा हे बऱ्याच अंशी तुमच्या त्या एका ओळीवर ठरतं.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पत्रकात त्यांचा उल्लेख कधीच नसतो आणि खरी गोम तिथेच आहे. पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. शरीराला नको असलेलं नत्र ते युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच टाकतात, तोच तो पांढरा थर. कोंबडीच्या विष्ठेतलं निम्म्याहून अधिक नत्र याच रूपात असतं. युरिक आम्ल कोरडं राहिलं तर निवांत पडून राहतं. ओल आणि ऊब मिळाली की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात, आधी युरिया आणि मग अमोनिया होतो, आणि अमोनिया हवेत जातो. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरतात ना, ते उडून जाणारं खतच असतं.

याचा सगळ्यात मोठा दाखला कोंबडीचा नाही, समुद्रपक्ष्यांचा आहे. पेरूच्या किनाऱ्यालगतच्या चिंचा बेटांवर पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे तिथे साचलेल्या गुआनोतलं, म्हणजे पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेतलं, नत्र टिकून राहिलं. एकोणिसाव्या शतकात जहाजंच्या जहाजं भरून ते युरोप-अमेरिकेच्या शेतांवर गेलं. अमेरिकेने तर 1856 मध्ये गुआनोची बेटं ताब्यात घेता यावीत म्हणून कायदाच केला. पावसाळी बेटांवर मात्र तशीच पक्ष्यांची विष्ठा साचूनही नत्र निघून गेलं आणि मागे बहुतांशी फॉस्फेट उरलं. माझ्या टेबलावरच्या दोन पिशव्या म्हणजे त्याच दोन बेटांची छोटी आवृत्ती. युरोपातल्या अनेक लेअर फार्मवर पट्ट्यावरच्या विष्ठेवरून हवा खेळवतात, काही जण पुढे वाळवणीच्या बोगद्यातून नेतात. वास कमी व्हावा हा हेतू असतोच, पण खरा फायदा असा की लवकर वाळलेल्या विष्ठेतलं युरिक आम्ल फुटत नाही आणि नत्र शेतापर्यंत पोहोचतं. तीच विष्ठा ओली राहून खोल खड्ड्यात महिनोन् महिने साठली तर ती निराळं खत होते. पत्रकात दोन्हींचं नाव एकच.

दुसरी गोष्ट चुन्याची. माझ्या मते लेअरखताचा सगळ्यात दुर्लक्षित गुण हाच आहे आणि ब्रॉयलरच्या लिटरमध्ये तो एवढा नसतो. अंड्याचं कवच बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटचं, एका कवचात सुमारे 2 ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम. ते रोज पुरवायचं म्हणून लेअरच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवतात, शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडी घालून. कोंबडी दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात घेते, त्यातलं निम्म्याच्या आसपास कवचात जातं आणि बाकीचं खाली पडतं. म्हणजे लेअरखत टाकणारा शेतकरी नकळत शेतात चुनाही टाकत असतो.

हे वरदान की निरर्थक ओझं, हे जमीन ठरवते. ब्राझीलच्या सेराडो पठारावरच्या, पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी पट्ट्यातल्या किंवा अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतल्या जमिनी धुऊन आम्लधर्मी झालेल्या आहेत. सामू (pH) साडेपाचाच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुंटवतं. तिथे या खतातला चुना सामू वर ओढतो, ॲल्युमिनियमला आवर घालतो, आणि नत्र-स्फुरदाइतकंच किंवा त्याहूनही जास्त काम करून जातो. अशा ठिकाणी केवळ नत्राच्या हिशेबाने युरियाशी तुलना करून ‘कोंबडीखत महाग पडतं’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे अर्धाच जमाखर्च वाचणं. युरिया तर काळाच्या ओघात जमीन आणखी आम्ल करतो.

आता तेच खत इजिप्तच्या, इराणच्या किंवा दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनीवर न्या. सामू आधीच आठाच्या आसपास, चुना भरपूर. आणखी चुन्याची तिथे कुणाला गरज नाही. उलट अशा जमिनीवर खत नुसतं पसरून ठेवलं तर अमोनिया अधिकच वेगाने उडतो, कारण सामू जितका वर तितका अमोनियम अमोनियात बदलून हवेत जाण्याचा ओढा जास्त. त्या जमिनींसाठी पत्रकात सगळ्यात ठळक अक्षरात काय हवं, तर ‘पसरल्याच्या दिवशीच मातीआड करा’. ही ओळ मला पत्रकात क्वचितच दिसते, दिसली तरी शेवटून दुसरी.

स्फुरदाची गोष्ट उलट्या दिशेने सांगावी लागते, कारण तिथे उणीव आणि अतिरेक हे एकाच जगात शेजारी नांदतात. धान्यातलं बरंचसं स्फुरद फायटेटच्या रूपात असतं, कोंबडीला ते नीट फोडता येत नाही, ते तसंच बाहेर पडतं. पिकाला नत्र पुरवायचं म्हणून लेअरखत टाकलं तर स्फुरद गरजेच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही जास्त पडतं. एखाद्या हंगामात काही बिघडत नाही. वीस वर्षं तेच शेत, तेच खत, मग बिघडतं.

नेदरलँड्सला हे फार लवकर कळलं. जमीन थोडी, पशुपक्षी उदंड, खाद्य बोटींनी बाहेरून येणारं. 1984 मध्येच त्यांनी डुक्करपालन आणि कुक्कुटपालनाच्या वाढीला कायद्याने चाप लावला. 1991 मध्ये युरोपचा नायट्रेट निर्देश आला, ज्यानुसार नायट्रेटच्या धोक्यात असलेल्या भागात पशुखतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राहून जास्त टाकता येत नाही. त्याच सुमारास तिथे खाद्यात फायटेज विकर घालायला सुरुवात झाली, म्हणजे फायटेट कोंबडीच्या पोटातच फुटावं आणि वरून घालायचं खनिज फॉस्फेट कमी करता यावं. खताचा प्रश्न खाद्याच्या कढईत सोडवायचा, ही मला त्यातली सगळ्यात हुशार चाल वाटते. पुढे 2008 मध्ये मूर्डाइक इथे कोंबड्यांचं खत जाळून वीज करणारा कारखाना सुरू झाला. देशातलं जवळजवळ एक तृतीयांश कोंबडीखत तिथे जातं, राखेतलं स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) खत म्हणून विकलं जातं, नत्र मात्र धुरावाटे गेलं ते गेलं. ब्रिटनने तर 1992 मध्येच सफकमधल्या आय गावी असं वीजकेंद्र उभारलं होतं. खत जाळण्याचा विचार ज्या देशाला करावा लागतो त्याच्या पत्रकातला आकडा उचलून ज्या देशाला स्फुरद परवडत नाही तिथल्या पत्रकात चिकटवणं किती वेडेपणाचं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पण होतं असं. मी अशी पत्रकं पाहिली आहेत, कुठल्या मातीतून आलेला आकडा आहे हे त्यातल्या पिकांच्या यादीवरून सरळ दिसतं.

अतिरेकाचं पाण्यावर काय होतं, ते अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ग्रँड लेक सेंट मेरीज या तलावाने दाखवलं. भोवतीच्या मुलखात कोंबड्या, डुकरं, गाई दाटीने. 2010 च्या उन्हाळ्यात तलाव निळ्या-हिरव्या शेवाळाने भरला, पाण्याला हात लावू नका असे फलक लागले. 2011 च्या जानेवारीत राज्याने तिथलं पाणलोट क्षेत्र संकटग्रस्त ठरवलं, आणि मग 15 डिसेंबर ते 1 मार्च या काळात शेतात पशुखत टाकायला बंदी आली. गोठलेल्या जमिनीवर टाकलेलं खत बर्फ वितळताच थेट ओढ्यात जातं, इतकं साधं कारण. त्यानंतर ओढ्यांत उतरणारं नत्र-स्फुरद कमी झाल्याचं मोजमापात दिसलं. नुसत्या टनांच्या आकड्याने नव्हे, तारीख बदलल्यानेही. शिफारशीत ‘किती’पेक्षा ‘केव्हा’ मोठं असू शकतं.

दुसऱ्या टोकाला घाना. तिथे बाहेरून गोठवलेलं चिकन स्वस्तात येतं, त्यामुळे देशातलं कुक्कुटपालन बरंचसं अंड्यांवर टिकून आहे. कुमासी शहराभोवती लेअर फार्म आहेत आणि शहरातच, ओढ्यांच्या काठी, लेट्यूस आणि कांद्याची पात पिकवणारे शेतकरी. माती हलकी, पाणी रोज हातझारीने घालायचं, त्यामुळे नत्र खाली धुऊन जातं आणि कोंबडीखत पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. 2006 मध्ये नायजेरियातल्या अबुजाला आफ्रिकी देशांनी ठराव केला होता की खतांचा वापर हेक्टरी 8 किलो अन्नद्रव्यांवरून 2015 पर्यंत 50 किलोवर न्यायचा. बहुतेक देश तिथवर पोहोचले नाहीत. अशा जागी शेडमागचा ढीग म्हणजे सोनंच. तिथल्या शेतकऱ्याला स्फुरदाच्या अतिरेकाची भीती घालणं अस्थानी आहे. त्याला वेगळीच गोष्ट सांगायला हवी: लेट्यूस कच्चं खाल्लं जातं आणि ताज्या विष्ठेत साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं पशुखत टाकणं आणि काढणी यांत, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर 120 दिवस आणि लागत नसेल तर 90 दिवस अंतर ठेवायला सांगितलं आहे. कुमासीचं लेट्यूस महिना-दीड महिन्यात निघतं! नियम तिथे पाळताच येणार नाही. तिथे एकच उपाय लागू पडतो, खत आधी नीट कुजवून घेणं: ढीग 55 अंशांच्या वर तापू देणं, पुन्हा पुन्हा उलथणं, मगच वाफ्यात नेणं. यात थोडं नत्र जातं. जाऊ द्या.

चीनबद्दल थोडक्यात. जगातल्या अंड्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक तिथे निघतात, आणि शांतुंग प्रांतातल्या शौग्वांगसारख्या भागात प्लॅस्टिकच्या हरितगृहांमध्ये भाजीपाल्याला कोंबडीखत वर्षानुवर्षं सढळ हाताने पडत आलं. छप्पर असल्यामुळे पाऊस क्षार धूत नाही. जमिनीवर क्षार, भूजलात नायट्रेट, खाद्यातून आलेलं तांबं आणि जस्त मातीत साचत गेलेलं. तिथे शिफारस ‘इतकं टाका’ अशी नसून ‘इतकी वर्षं टाकू नका’ अशी असायला हवी.

आणि काही गोष्टी रसायनशास्त्रात बसतच नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या आसपास वाळूच्या जमिनीवर भाजीपाल्याला कच्चं कोंबडीखत घालत. त्यात गोठ्यातली चावरी माशी इतकी वाढली की शेजारच्या घोड्यांना आणि गुरांना उभं राहणं मुश्कील झालं. शेवटी 2001 मध्ये तिथल्या काही तालुक्यांत कच्च्या कोंबडीखतावर कायद्याने निर्बंध आणावे लागले. ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमध्ये कोंबड्यांचं खत टाकलेल्या कुरणांवर चरलेली, नाहीतर ढिगाजवळ फिरकलेली गुरं बॉट्युलिझमने (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याने) मेली. कारण बहुधा एकच: शेडमध्ये मेलेला एखादा पक्षी उचलायचा राहून खतात गेलेला. हे वाचल्यापासून मी प्रत्येक नमुना आधी ट्रेमध्ये पसरून बघतो. पिसं नेहमीच सापडतात. एकदा पाय सापडला.

मग तुम्ही काय लिहावं? आकडाच लिहू नका असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याला आकडा लागतोच. पण तो टनांत देण्याआधी खताचं वर्णन द्या: लेअरचं की ब्रॉयलरचं, पट्ट्यावरचं की खड्ड्यातलं, किती दिवसांचं, हातात घेतल्यावर गोळा होतो की भुगा. एवढ्या चार खुणांवर दोन-तीन वेगळे आकडे देता येतात. त्याच्या शेजारी जमिनीचा सामू विचारा. सामू माहीत नसेल तर कोंबडीखताची शिफारस पुरी करूच नका. आणि मर्यादा नत्रावर ठरवायची की स्फुरदावर, हे स्फुरदाची माती-चाचणी बघून ठरवा. चाचणीत स्फुरद आधीच भरपूर दिसलं तर कोंबडीखत थोडं आणि उरलेलं नत्र दुसरीकडून.

प्रयोगशाळा लांब असेल तर? ओलावा घरी मोजता येतो. एक किलो खत तोलून घ्या, पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, रोज तोला, वजन घटायचं थांबलं की उरलं ते कोरडं वजन, आपल्या कामापुरतं. मोकळ्या हवेत करा, वासाची तक्रार घरातूनच येते. आणि टाकलेलं किती पडलं हे पाहायला मीटरभर लांब, मीटरभर रुंद ताडपत्रीचा तुकडा शेतात अंथरून त्यावरून खत विस्कटत जा, मग तुकड्यावरचं तोला. अर्धा किलो भरलं तर हेक्टरी 5 टन. बहुतेकांचं पहिल्या खेपेला याच्या दुप्पट भरतं, माझंही भरलं होतं.

रोपांबद्दल एक ओळ वेगळी छापा, ही माझी हात जोडून विनंती. ताजं लेअरखत बियाण्याला किंवा कोवळ्या मुळांना लागलं की अमोनिया आणि क्षार मिळून ते जाळतात. लागवडीआधी किमान दोन-तीन आठवडे ते मातीत मिसळून ओल द्यायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या ‘रोग पडलाय का बघा’ म्हणणाऱ्या करपलेल्या रोपांपैकी पुष्कळांना रोग नसतोच.

तो दोन पिशव्यांचा माणूस जाताना पत्रक माझ्याकडेच ठेवून गेला. त्याला मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून देणार होतो, पण त्याच्या जमिनीचा सामू अजून यायचा होता. नमुना सोमवारी आला. सात पूर्णांक नऊ. त्याला सांगितलं: पट्ट्यावरचं घे, वाळवून घे, पसरशील त्याच दिवशी कुळव फिरव, आणि ढिगाचं खत ज्याची जमीन आंबट आहे अशा कुणाला दे. तुमच्या पुढच्या पत्रकात यातलं काही आलं तर त्याची एक प्रत इकडे पाठवा, मी ती टेबलाच्या काचेखाली ठेवीन.

आपला,
खतांचे नमुने तपासणारा एक कर्मचारी